स्टँडअपचा पहिला पाच मिनिटांचा सेट कसा बांधायचा

स्टँडअप करायचं डोक्यात असेल तर वर्षभर लिहीत बसू नका, दोन पानं खरडा आणि सरळ ओपन माइकला, म्हणजे नवख्यांनाही स्टेज मिळतं अशा कार्यक्रमाला, नाव द्या. वय झालं हे कारण तर चालणारच नाही, अमेरिकन कॉमेडियन फिलिस डिलर १९५५ मध्ये पहिल्यांदा क्लबात उभी राहिली तेव्हा ३७ वर्षांची होती आणि घरी पाच मुलं होती.

माझा पहिला सेट मी घरी घड्याळ लावून बरोब्बर पाच मिनिटांचा बसवलेला, स्टेजवर तीनातच संपला. कारण लोक हसतील तेवढा वेळ मी धरून ठेवला होता आणि हसलं कोणीच नाही.

तर पहिलं काम, प्रत्येक सेट फोनवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. स्वतःचा आवाज ऐकवत नाही, मान्य, तरी ऐका. कारण स्टेजवर वाटतं जाम हसले आणि रेकॉर्डिंगमध्ये निघतो एक मित्र.

मग कात्री. समजा जोक असा आहे, ‘मी ना सहा महिन्यांपूर्वी जिम लावली होती पण जाणं काही होत नव्हतं, तर काल गेलो आणि ट्रेनरने मला नवीन अॅडमिशन का असं विचारलं हो.’ आता हा बघा: ‘जिम लावून सहा महिने झाले. काल गेलो. ट्रेनर म्हणतो, नवीन अॅडमिशन?’ हसू ज्या शब्दावर फुटतं तो शब्द शेवटी, त्याच्यानंतर ‘असं विचारलं हो’ वगैरे शेपूट नको, नाहीतर आपणच लोकांच्या हसण्यावर बोलत बसतो. हसू ओसरायला लागलं की टॅग टाका, म्हणजे त्याच जोकला जोडून अजून एक ओळ, ‘मी गपचूप फॉर्म भरला.’ नवीन सेटअप, म्हणजे जोकच्या आधीची मांडणी, न बांधता दुसरं हसू, फुकटात.

एक जोक पडला म्हणून लगेच फेकू नका, तीन-चार वेगळ्या ठिकाणी मारून बघा, कधीकधी नुसती जागा बदलली तरी चालतो. आणि सगळं लिहून ठेवा. डिलरबाईंनी ५० हजारांवर जोक कार्डांवर टाइप करून विषयवार कपाटात लावलेले, ते कपाट आता स्मिथसोनियन म्युझियममध्ये आहे. आपल्याला फोनमधलं नोट्स अॅप पुरे.

पुढे शोमध्ये स्पॉट, म्हणजे स्टेजवर स्वतःची वेळ, मिळायला लागले की होस्टिंग कोणी दिलं तर नाही म्हणू नका. थंड पब्लिक तापवायचं, पडलेल्या कॉमिकनंतर रूम परत उचलायची, हे दुसरीकडे कुठे शिकायला मिळत नाही. ऑनलाइन क्लिप टाकायच्या तर क्राउडवर्कच्या, म्हणजे पब्लिकशी तिथल्या तिथे मारलेल्या गप्पांच्या टाका, बांधलेला जोक एकदा बघितला की लाइव्हमध्ये त्याची मजा अर्धी होते.

आणि वेळ पाळा बाबांनो. मागून लाईट दाखवला म्हणजे साधारण एक मिनिट उरलंय, तेव्हा नवीन किस्सा काढायचा नाही, सगळ्यात खात्रीचा जोक मारायचा आणि उतरायचं, कारण पुढचा बिचारा बाजूला हातात कागद धरून उभा असतो.