लोरा रेडिओची लिंक तुटतेय? पॉवर वाढवण्याआधी या चुका टाळा

कॉलनीतल्या सगळ्या विंगच्या टाक्यांची पातळी एका ठिकाणी दिसावी म्हणून टाक्यांवर लोरा (कमी विजेत छोटे निरोप लांबवर पाठवणारं रेडिओ तंत्र) मॉड्यूल लावतात आणि एका गच्चीवर गेटवे, म्हणजे सगळ्यांचे निरोप घेणारं यंत्र. काही दिवस रीडिंग नीट येतात, मग अधूनमधून गायब व्हायला लागतात. लगेच कुणीतरी सुचवतं, पॉवर फुल करून टाका. थांबा. आधी गेटवेवर आरएसएसआय (पोचलेली ताकद, डीबीएममध्ये) आणि एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती वर, डेसिबलमध्ये) हे दोन्ही आकडे एकत्र बघा.

आरएसएसआय उणे 120 च्या आसपास असेल तर सिग्नलच पोचत नाहीये. अँटेना, केबल आणि मधल्या भिंती तपासा. पण आरएसएसआय उणे 80 आणि तरीही एसएनआर शून्याखाली असेल, तर हवेत ताकद भरपूर आहे, फक्त ती तुमच्या सिग्नलची नाही.

मुंबईत त्याचं कारण बऱ्याचदा त्याच गच्चीवर उभं असतं: मोबाइलचा टॉवर. 850 च्या बँडमधला टॉवर 869 ते 894 मेगाहर्ट्झवर प्रसारण करतो. आपला विनापरवाना पट्टा 2005 साली 865 ते 867 होता, 2021 मध्ये तो 868 पर्यंत वाढला. म्हणजे मधे जेमतेम 1 मेगाहर्ट्झ. इतक्या जवळच्या दणदणीत सिग्नलपुढे स्वस्त मॉड्यूलचा रिसीव्हर बधिर होतो. अँटेना टॉवरपासून लांब, शक्यतो टाकीच्या किंवा जिन्याच्या खोलीच्या आडोशाला हलवा आणि मधे चांगला कॅव्हिटी फिल्टर (फक्त आपल्या पट्ट्यातला सिग्नल पुढे सोडणारा डबा) घाला. अशा गच्चीवर मी तरी पहिला खर्च फिल्टरवरच करीन.

फ्रिक्वेन्सीची चूक याहून साधी, पण गंभीर. परदेशी नमुना कोड जसाच्या तसा चढवला की मॉड्यूल 915 वर किंवा युरोपच्या 868.1 वर बोलू लागतं. दोन्ही आपल्या पट्ट्याबाहेर. शिवाय 890 ते 915 हा भाग आपल्याकडे मोबाइल फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या सिग्नलचा आहे. तिथे आपण घुसणं बरोबर नाही. अँटेनाही तपासून घ्या: 866 साठी पाव तरंगलांबीची तार साधारण 8.7 सेंटीमीटर, 433 ची त्याच्या दुप्पट.

आता मॉड्युलेशन, म्हणजे निरोप लहरींवर चढवायची पद्धत. एसएफ (स्प्रेडिंग फॅक्टर) जितका मोठा, तितका निरोप सावकाश पण लांब जातो. रेंज हवी म्हणून सरसकट एसएफ 12 लावणं ही सर्वात महागात पडणारी सवय. 125 किलोहर्ट्झ बँडविड्थवर 20 बाइटचा निरोप एसएफ 7 ला सुमारे 57 मिलिसेकंदांत जातो, एसएफ 12 ला 1.3 सेकंद लागतात. तेवढा वेळ चॅनेल अडून राहतो, बाकीच्या विंगचे निरोप त्यावर आदळतात आणि बॅटरीही उतरते. एसएफ 7 ला एसएनआर उणे 7.5 पर्यंत चालतो, एसएफ 12 ला उणे 20 पर्यंत. तुमचा एसएनआर कायम अधिक 5 असेल तर एसएफ 12 ची गरजच काय? एसएफ 7 पासून सुरुवात करा, एसएनआर त्या एसएफच्या मर्यादेपेक्षा 7 ते 10 डेसिबल वर राहील तिथे थांबा. प्रत्येक नोडच्या (टाकीवरच्या मॉड्यूलच्या) निरोप पाठवण्याच्या वेळेत थोडा अनियमित फरकही ठेवा.

बँडविड्थ 62.5 किलोहर्ट्झवर आणून संवेदनशीलता वाढवायचा मोह होतो. मॉड्यूलची फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या साध्या क्रिस्टलची चूक 20 पीपीएम (दहा लाखांत 20 भाग) धरली तर 865 वर ती 17 किलोहर्ट्झ होते. दोन टोकं उलट दिशांना सरकली की 34. लोरा साधारण बँडविड्थच्या पाव भागाइतका फरक सहन करतं, म्हणजे इथे जेमतेम 15. मे महिन्यात पत्र्याखालच्या डब्यात क्रिस्टल आणखी सरकतो. टीसीएक्सओ (तापमानाचा परिणाम भरून काढणारा क्रिस्टल) असलेलं मॉड्यूल नसेल तर 125 च्या खाली जाऊ नका.

काहीच ऐकू येत नसेल तर सिंक वर्ड (नेटवर्कची ओळखखूण), हेडर मोड (निरोपाची माहिती त्याच्यासोबत जाते की नाही) आणि आयक्यू (सिग्नल सुलटा की उलटा) या सेटिंग दोन्हीकडे सारख्या आहेत का बघा. जुन्या एसएक्स 1276 चिपवरचा 0x12 हा सिंक वर्ड नव्या एसएक्स 1262 चिपच्या रजिस्टरमध्ये 0x1424 असा लिहावा लागतो. टेबलावर चाचणी घेताना पॉवर कमीत कमी ठेवा, कारण हातभर अंतरावर फुल पॉवरने रिसीव्हर गुदमरतो. अँटेना जोडल्याशिवाय प्रसारण तर अजिबात नको.

पावसाळ्यात लिंक गेली की पावसाला दोष देतात. 865 वर पावसाने सिग्नल जवळपास घटतच नाही. पाणी कनेक्टरमध्ये शिरलेलं असतं. उघडून बघा, हिरवट थर दिसेल. कनेक्टर बदला आणि सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणाऱ्या) टेपने नीट गुंडाळा.

सेटिंग दुरून बदलणार असाल तर आधी लांबच्या टोकाचं बदला, मग जवळचं. आणि नव्या सेटिंगवर 10 मिनिटांत काही ऐकू आलं नाही तर नोडने आपणहून जुन्या सेटिंगवर परतावं, एवढा कोड आधीच टाकून ठेवा.