घरच्या घरी पीक फ्लो मीटर कसे वापरावे

सोयाबीनची मळणी सुरू झाली, की कुटाराच्या धुळीने विदर्भातील खेड्यांत दम्याच्या रुग्णांचा त्रास वाढतो. श्वासनलिका आकुंचन पावू लागल्या तरी रुग्णाला ते लगेच जाणवतेच असे नाही. हातात मावणारे पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकरीचा सर्वाधिक वेग मोजणारे साधन, मात्र त्या वेगातील घसरण आधी दाखवू शकते, आणि ज्याच्या गावापासून रुग्णालय दूर आहे त्याच्यासाठी ही आगाऊ सूचना फार मोलाची आहे. यांत्रिक मीटरला वीज किंवा बॅटरी लागत नाही.

काटा तळाशी आणून उभे राहावे, छाती भरून श्वास घ्यावा आणि नळीभोवती ओठ घट्ट मिटून एकदम जोराने फुंकावे. चूल पेटवताना घालतो तशी लांब, संथ फुंकर येथे उपयोगाची नाही, कारण मोजला जातो तो पहिला जोर. बोट काट्याच्या खाचेवर किंवा जीभ नळीच्या तोंडाशी आली की आकडा चुकतो. तीनदा फुंकून त्यांतील सर्वांत मोठा आकडा लिहावा. सरासरी काढू नये. सकाळी आणि संध्याकाळी, दम्याचा पंप (इन्हेलर) घेण्यापूर्वी, एकाच मीटरवर मोजावे.

शेजाऱ्याच्या आकड्याशी तुलना करण्यात अर्थ नाही, कारण वय, उंची आणि स्त्री-पुरुष भेदानुसार तो बदलतो. दमा आटोक्यात असताना दोन आठवडे नोंदी ठेवून मिळालेला सर्वोच्च आकडा हाच आपला मापदंड. समजा तो मिनिटाला 400 लिटर आहे, तर 320 च्या वर ठीक. 200 ते 320 मध्ये डॉक्टरांनी लिहून दिलेल्या योजनेप्रमाणे औषध घ्यावे. 200 च्या खाली गेल्यास तत्काळ आराम देणारा पंप घेऊन 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बोलताना धाप लागत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर मोजत बसू नये.

वर्षानुवर्षे विडी ओढलेल्या किंवा चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या व्यक्तीला सतत धाप लागत असेल, तर केवळ या मीटरवर विसंबू नये. अशा वेळी स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकलेल्या हवेचे प्रमाण आणि वेग यंत्रावर मोजणारी तपासणी लागते. तिच्याविषयी सेवाग्राम, यवतमाळ किंवा नागपूर येथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करावी आणि जाताना नोंदींची वही सोबत न्यावी.