बरण्या उकळताना तडकायच्या, ते कसं थांबलं

काचेच्या बरण्या निर्जंतुक करताना एखादी तरी टक्‌ करून तडकायचीच, आणि तडा नेमका तळाला गोल जायचा. कारण साधं आहे, गार काच एकदम उकळत्या पाण्यात गेली की ताण येतो, शिवाय तळ थेट पातेल्याला टेकतो. आता पातेल्यात खाली जाळी ठेवते, नसेल तर जाड फडकं, बरण्या कोमट पाण्यातच ठेवते, पाणी वरून इंचभर तरी हवं, आणि मग सगळं एकत्र तापवते. खळखळ उकळी आली की तिथून १० मिनिटं मोजायची, उंचावर राहत असाल तर दर १००० फुटांमागे १ मिनिट जास्त. पाणी जड असेल तर थोडं व्हिनेगर टाका, काचेवर पांढरा थर येत नाही. ओव्हनमध्ये मात्र नको, कोरडी उष्णता सगळीकडे सारखी लागत नाही आणि काच फुटू शकते.

आणि हो, भरलेली बरणी नंतर १० मिनिटं किंवा जास्त उकळणार असाल तर आधी निर्जंतुक करायची गरजच नाही, स्वच्छ आणि गरम असली की झालं. पण हे आंबट पदार्थांपुरतंच बरं का, नुसत्या भाज्यांना प्रेशर कॅनरच (वाफेच्या दाबाने १०० अंशांच्या वर तापणारं, बरण्यांसाठीचं भांडं) लागतो, बोटुलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूंचे बीजाणू १०० अंशाला मरत नाहीत.