वाळीत पडलेल्या माणसाला मंडळीत घेताना

तुरुंगातून सुटलेला, कुष्ठरोगाचे उपचार संपवून परतलेला, दारूपायी घर घालवलेला किंवा नवऱ्याने टाकलेली, असं कुणी रविवारी चर्चमध्ये उपासनेला येणार असेल तर तयारी शनिवारीच करावी. पाळकांनी दोनच माणसं नेमावीत. पाचसहा जणांचा घोळका दारात उभा राहिला की आलेल्याला चौकशी समिती बसल्यासारखं वाटतं. एकाने फाटकाशी थांबावं, दुसऱ्याने आत शेजारी बसावं. जागा मधल्या रांगेत, कडेची. मध्येच उठून बाहेर जाता येईल अशी. पहिल्या रांगेत अख्ख्या मंडळीची नजर पाठीत रुतते.

पुढे बोलावू नये, फोटो ग्रुपवर टाकू नये. साक्ष, म्हणजे देवाने आयुष्य कसं बदललं हे सर्वांपुढे सांगणं, निदान तीन महिने तरी मागूच नये, नंतरही त्याने आपणहून म्हटलं तरच. ‘बघा, प्रभूने कुठून कुठे आणलं’ हे आपल्याला ऐकायला गोड लागतं. त्याला मात्र दर वेळी त्याच ‘कुठून’पाशी नेऊन उभं करतं.

खरी परीक्षा उपासनेनंतरच्या चहाला. स्टीलचे पेले अपुरे पडतात आणि कुणीतरी नेमका त्यालाच कागदी कप आणून देतं. मनात काही नसतं, पण वेगळ्या भांड्याची सवय झालेल्या माणसाला अर्थ लगेच लागतो. कागदी तर सगळ्यांनाच कागदी. कुष्ठरोगाची कुजबुज असेल तर सरळ सांगावं: सरकारी दवाखान्यात औषधं मोफत मिळतात, प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने घ्यावी लागतात आणि ती सुरू झाल्यावर संसर्गाची भीती लवकरच संपते. जातपंचायतीने किंवा गावकीने वाळीत टाकलं असेल तर नुसती प्रार्थना करून थांबू नये, तक्रार द्यायला सोबत जावं. महाराष्ट्राच्या २०१६च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

मग दोनतीन महिन्यांनी त्याला शास्त्रवाचन किंवा दान मोजायला सोबत असं काही काम मिळतं आणि कुरबुर सुरू होते. ‘आम्ही वीस वर्षं सतरंज्या घातल्या, आमचं नाव कुणी घेतलं नाही.’ बायबलमध्ये मत्तय २ॠ मधल्या मळ्यात दिवसभर राबलेल्या मजुरांना शेवटच्या तासाला आलेल्यांइतकीच मजुरी मिळते; त्यांचं दुखणं हेच. त्यांच्या मजुरीत एक पैसाही कमी झालेला नव्हता.

हेवा उघडपणे क्वचितच बोलतो. गणना १२ मध्ये मोशेची भावंडं मिर्याम आणि अहरोन त्याच्याविरुद्ध बोलायला सुरुवात करतात ती त्याच्या कूशी, म्हणजे कूश देशातल्या बायकोपासून. दुसऱ्याच वचनात खरं दुखणं बाहेर पडतं: परमेश्वर फक्त मोशेशीच बोलला काय? म्हणून कुणी तक्रार घेऊन आलं की आधी विचारावं, ‘आणि तुमचं काय राहून गेलं?’ बऱ्याचदा नवख्याचा विषय तिथेच मागे पडतो.

आपल्याकडे चहाडीचं सर्वांत सोवळं रूप म्हणजे प्रार्थनेची विनंती. ‘त्या ताईंसाठी प्रार्थना करा हं, त्यांच्या घरी रात्री कोण येतं ते...’ प्रार्थनासभेत एकच नियम ठेवावा: त्या व्यक्तीची परवानगी नसेल तर नाव नाही, तपशील नाही.

अफवा पसरलीच तर मत्तय १८:१५-१७चा क्रम मोडू नये. आधी एकट्याने भेटायचं, फोनवर नाही. ऐकलं नाही तर आणखी एकदोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. चूक होते ती पहिली पायरी गाळून थेट कमिटीत विषय काढल्याने; बंद दाराआडचं त्या संध्याकाळपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. माफीही जिथे बोललो तिथेच मागावी. ग्रुपवर लिहिलं तर ग्रुपवरच, ‘मी लिहिलं ते खरं आहे की नाही हे मला ठाऊक नव्हतं’ इतक्या साध्या शब्दांत.

अत्याचार, मारहाण किंवा मुलांच्या सुरक्षिततेची तक्रार मात्र चहाडी नव्हे आणि तिला हा क्रम लागू नाही. बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणं पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. अशा गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेल्याला उपासनेला जागा द्यावी, मुलांच्या शब्बाथशाळेत नाही.

राहिली चहाडी करणारी व्यक्ती. मोशेविरुद्ध बोललेली मिर्याम कोडाने पांढरी पडली, तेव्हा मोशेनेच तिच्यासाठी धावा केला. ती सात दिवस छावणीबाहेर राहिली आणि तिला परत आणेपर्यंत लोकांनी मुक्काम हलवला नाही. तेव्हा पाळकांनी पुढच्या रविवारी प्रवचनातून नाव न घेता टोमणे मारू नयेत. चहाच्या टेबलावर तिची नेहमीची जागा तिच्यासाठी मोकळी ठेवावी.