सिनाईच्या ग्रंथसंग्रहात जाण्यापूर्वी : पत्रे आणि परवानग्यांची तयारी

इजिप्तमधील सिनाई पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या सेंट कॅथरीन मठातील हस्तलिखितांच्या अभ्यासासाठी खानदेशातून गट जाणार असेल, तर तयारीची सुरुवात दिल्लीतील दूतावासापासून न करता मठापासून करावी. देशात प्रवेश शासन देते, पण पोथी उघडायची की नाही हे मठाचे आर्चबिशप ठरवतात. शिवाय राजाश्रयाने आलेल्या विद्वानांचा मठाला आलेला अनुभव कडू आहे. १८५९ मध्ये जर्मन बायबल-अभ्यासक टिशेनडॉर्फ रशियाच्या झारच्या पाठबळावर तेथे गेले आणि चौथ्या शतकातील ग्रीक बायबलची पाने, परत करण्याची लेखी हमी देऊन, घेऊन गेले. १९३३ मध्ये सोव्हिएत सरकारने ती ब्रिटिश म्युझियमला एक लाख पौंडांना विकली. म्हणून पहिल्याच पत्रात पोथीचा क्रमांक, हवी असलेली पाने, अभ्यासाचा हेतू आणि छायाचित्रांचा वापर कोठे होईल, हे नेमके लिहावे. १९५० मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने सोळाशेहून अधिक पोथ्यांचे मायक्रोफिल्म चित्रण करून घेतले आहे, तेव्हा ते आधी पाहावे आणि मूळ प्रत का हवी याचे कारण द्यावे. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात ज्यांनी रामदासी बाडे हाताळली आहेत, त्यांना सांभाळणाऱ्याचा विश्वास आधी मिळवावा लागतो, हे वेगळे सांगायला नको.

चर्चचे शिफारसपत्र कोणाकडून घ्यावे, याचा विचार सर्वांत काळजीपूर्वक करावा. सिनाईचे चर्च ग्रीक ऑर्थोडॉक्स परंपरेतले असून त्याच्या आर्चबिशपांना दीक्षा जेरुसलेमचे पॅट्रिआर्क (तेथील ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख) देतात. केरळातील मलंकारा ऑर्थोडॉक्स चर्चच्या नावात तोच शब्द असला, तरी इ.स. ४५१ च्या कॅल्सेडन येथील धर्मपरिषदेनंतर या दोन परंपरा वेगळ्या झाल्या. खानदेशातील कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट धर्मगुरूंचे पत्र आपल्या सचोटीची साक्ष म्हणून जरूर जोडावे, मात्र मुख्य शिफारशीसाठी कोलकात्यात कालीघाट येथे असलेल्या ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चमार्फत विनंती करणे अधिक योग्य ठरेल. ईस्टरपूर्वीच्या मोठ्या उपवासाचा काळ आणि ईस्टर यांच्या तारखा ऑर्थोडॉक्स पंचांगातूनच पाहाव्यात व ते दिवस मागू नयेत.

मठाचा लेखी होकार हाती आला की मगच राजनैतिक पत्रव्यवहार सुरू करावा. विद्यापीठाचे पत्र, पदव्या आणि गटाची यादी परराष्ट्र मंत्रालयाकडून साक्षांकित करून पुढे इजिप्तच्या दूतावासाकडूनही प्रमाणित करून घ्यावी, कारण इजिप्त अपोस्टिल करारात (एकाच शिक्क्याने कागदपत्रे परदेशात ग्राह्य धरण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात) नाही आणि तो शिक्का तेथे पुरत नाही. कैरोतील भारतीय दूतावासाला सर्व प्रती आगाऊ पाठवाव्यात. मे २०२५ मध्ये इजिप्तच्या न्यायालयाने मठ परिसरातील जमिनींची मालकी राज्याची आणि वापराचा हक्क मठाचा, असा निकाल दिल्यावर अथेन्स व कैरो यांच्यात वाटाघाटी झाल्या. त्यामुळे आपल्या एकाही पत्रात मालकीविषयी अवाक्षर नसावे.

नावांची तपासणी एका व्यक्तीकडे सोपवावी. आपल्याकडे एका पत्रावर ‘प्रा. आर. डी. पाटील’, दुसऱ्यावर वडिलांच्या नावासह पूर्ण नाव, असे सर्रास होते. सिनाईच्या वाटेवरील तपासणी नाक्यावर ही दोन माणसे ठरू शकतात. प्रत्येक कागदावर पासपोर्टवरचेच नाव, त्याच क्रमाने व त्याच स्पेलिंगने हवे. कॅमेऱ्यांची मॉडेल व क्रमांकांसह यादी परवानगी अर्जासोबतच द्यावी, आणि व्हिसाची मुदत मठाने दिलेल्या तारखांच्या पुढे काही दिवस तरी राहील, हे तिकिटे काढण्यापूर्वी पाहून घ्यावे.