बेअर रूट गुलाब कसा निवडावा, कधी घ्यावा: नाशिकच्या बागेसाठी

नर्सरीत गेलं की आपला हात फुललेल्या रोपाकडे जातो. बेअर रूट गुलाबात फूल नसतं, पान नसतं, मातीही नसते. तीन-चार काटेरी काड्या आणि खाली धुतलेली मुळं एवढंच हातात येतं. माझ्या मते हाच त्याचा मोठा गुण आहे. पिशवीतल्या रोपाची मुळं गुंडाळी होऊन बसली आहेत की कुजली आहेत, हे पिशवी फाडेपर्यंत कळत नाही. इथे सगळं डोळ्यांसमोर असतं. शिवाय मातीचं वजन नसल्यामुळे लांबच्या नर्सरीतूनही कलमं कुरिअरनं येतात आणि जातींची निवड वाढते.

आधी महिना ठरवा

थंड देशांत गुलाब हिवाळ्यात पूर्ण सुप्तावस्थेत जातो आणि त्याच काळात तो शेतातून काढून विकतात. नाशिकला झाड एवढं गाढ झोपत नाही. पण निफाडच्या पाऱ्याच्या बातम्या यायला लागल्या की इथेही वाढ मंदावते, आणि मातीतून उपटल्याचा धक्का झाडाला सोसतो. म्हणून कलम नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत हातात पडेल असं बघा. मागणी ऑक्टोबरमध्येच नोंदवलेली बरी. फेब्रुवारी उलटल्यावर कितीही सवलत मिळाली तरी घेऊ नका. मुळं धरायच्या आत मार्चचं ऊन चढतं. पावसाळ्यात लावायचं असेल तर पिशवीतलं रोप घ्या.

जात निवडताना

दिवसाला निदान सहा तास ऊन मिळेल अशी जागा हवी, सकाळचं ऊन असेल तर उत्तमच. एका दांड्यावर एक मोठं फूल हवं असेल तर हायब्रिड टी, झुबक्यांनी भरलेलं झाड हवं असेल तर फ्लोरिबंडा, गॅलरीतल्या कुंडीसाठी मिनिएचर. नवख्या माणसानं फ्लोरिबंडापासून सुरुवात करावी. १९५८ सालचा पांढरा ‘आइसबर्ग’ किंवा दिल्लीच्या पुसा संस्थेत तयार झालेली तपकिरी छटेची ‘मोहिनी’ बघा. सुगंधच हवा असेल तर गडद लाल ‘पापा मेयां’ आहे, पण त्यावर भुरी (पानांवर पांढरी भुकटी पसरवणारा बुरशीचा रोग) लवकर येते.

मोहाडी-जानोरीच्या पॉलिहाऊसमधले लांब दांड्याचे डच गुलाब बघून तीच जात मागायचा मोह होतो. ते फूल नियंत्रित हवेतलं असतं, उघड्या अंगणात तसं येत नाही. आणि निळ्याशार गुलाबाचा फोटो दाखवणाऱ्याकडून काहीच घेऊ नका. गुलाबात ते निळं रंगद्रव्य मुळातच नसतं. ‘ब्लू मून’सारख्या जातीही प्रत्यक्षात फिकट जांभळ्या असतात.

खुंट विचारा

द्राक्षाच्या गावात खुंटाचं, म्हणजे ज्या मुळांच्या झाडावर कलम बांधतात त्याचं, महत्त्व वेगळं सांगायला नको. पाण्याची ओढ आणि क्षार वाढले तेव्हा इथल्या बागा डॉगरिजसारख्या खुंटावर गेल्या. गुलाबाचंही तसंच आहे: वर बसवलेला हव्या त्या जातीचा डोळा (अंकुर) फूल ठरवतो, खालचा खुंट जमीन सोसतो. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, बऱ्याच ठिकाणी तिच्यात चुनखडी असते, बोअरचं पाणीही क्षारयुक्त निघतं. अशा जमिनीत गुलाबाची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. झाडाला लोह मिळत नाही, ही त्याची खूण. म्हणून विक्रेत्याला दोन प्रश्न नक्की विचारा: डोळा कोणत्या खुंटावर भरलाय, आणि हा खुंट काळ्या जमिनीत चालतो का? ज्याला खुंटाचं नावच सांगता येत नाही, त्याच्याकडून मी कलम घेणार नाही.

कलम हातात घेऊन तपासा

डोळा भरलेला सांधा भरीव आणि घट्ट हवा. त्यातून वेगवेगळ्या दिशांना निदान दोन-तीन काड्या निघालेल्या हव्यात, प्रत्येक साधारण पेन्सिलीच्या जाडीची. एकच लांब काडी असलेलं कलम उंच दिसतं, पण झाड एकांगी होतं. साल सुरकुतली असेल तर कलम वाळलंय असं समजा. शंका आली तर नखानं साल किंचित खरवडा. खाली ओलसर हिरवं दिसलं पाहिजे.

मुळांवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. दोन-चार जाड मुळं आणि त्यांना फुटलेला तंतुमुळांचा झुबका हवा. एखाद्या मुळाचं टोक कापलं तर आत पांढरट दिसावं. काळी, बुळबुळीत, कुबट वासाची मुळं म्हणजे कूज. सांध्याजवळ किंवा मुळांवर खडबडीत गाठी दिसल्या तर कलम परत करा. तो जिवाणूजन्य रोग आहे आणि तो तुमच्या मातीतही राहतो. काड्यांवर लांब, पांढरट, लुसलुशीत फूट असेल तर कलम अंधाऱ्या खोक्यात फार दिवस पडून होतं.

कुरिअरनं मागवताना नेमक्या त्याच कलमाचा मुळांसकट फोटो मागा, आणि पार्सल सोमवारी किंवा मंगळवारी पाठवायला सांगा, म्हणजे रविवारी ते गोदामात अडकत नाही. मुळं ओल्या शेवाळात किंवा कोकोपीटमध्ये गुंडाळलेली असावीत.

आल्यावर लगेच

पार्सल त्याच दिवशी उघडा. मुळं चार-सहा तास बादलीभर पाण्यात ठेवा. पूर्ण दिवसापेक्षा जास्त नको. तुटकी मुळं कात्रीनं साफ कापा. लावायला वेळ नसेल तर सावलीत ओल्या मातीचा चर काढून कलमं तिरपी गाडून ठेवा.

लांबी, रुंदी आणि खोली दीड ते दोन फूट असा खड्डा आधीच तयार हवा. निघालेल्या मातीत कुजलेलं शेणखत आणि जाड वाळू मिसळा; चुनखडीचा मुरूम अजिबात नको. खड्ड्यात मातीचा उंचवटा करून मुळं त्यावरून चहूबाजूंनी पसरवा, माती भरा, हलक्या पायानं दाबा आणि भरपूर पाणी द्या. परदेशी व्हिडिओंत सांधा मातीखाली गाडतात, तो हिमापासून वाचवण्यासाठी. आपल्याकडे सांधा मातीच्या वर दोन इंच ठेवा.

लावणी संध्याकाळी करा, आठ-दहा दिवस दुपारची सावली द्या आणि बुंध्याभोवती उसाचं पाचट पसरा. नवी फूट दिसेपर्यंत रासायनिक खत देऊ नका. पहिल्या कळ्या फुलायच्या आधीच खुडा, म्हणजे जोर मुळांकडे जातो. सांध्याच्या खालून जी फूट येईल ती खुंटाची. ती वरून कापली तर पुन्हा फुटते, म्हणून माती बाजूला करून जिथून निघाली तिथून ओढून काढा.