जुन्या फोटोतली लष्करी गाडी: आधी चाकं मोजा

कुणी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला फोटो दाखवायला आणला, की प्रश्न ठरलेला असतो, "ही जीपच ना?" आणि मी उत्तर द्यायच्या आत फोटो उलटा करून मागचं वाचून दाखवायला सुरुवात. मी तो हातातून घेऊन पुन्हा सरळ करतो. मागचं सगळ्यात शेवटी वाचायचं. पुष्कळदा ते वीस-तीस वर्षांनी आठवून लिहिलेलं असतं.

हे मी ठेच खाऊन शिकलो. हयात गॅरेजमध्ये गेली, त्यामुळे जीप आपल्याला झोपेतही ओळखू येते असा ताठा होता. नात्यातल्या एका अल्बममध्ये बॉनेटला टेकून उभ्या तिघांचा फोटो होता, मागे निळ्या शाईत '१९४३'. मी छातीठोकपणे 'विलीस एमबी', म्हणजे विलीस कंपनीची युद्धातली जीप, असं सांगून मोकळा झालो. वर्षभराने तोच फोटो भिंगाखाली धरला आणि पुढच्या जाळीच्या उभ्या फटी मोजल्या. सात! युद्धातल्या विलीस आणि फोर्ड, दोन्ही कंपन्यांच्या जीपच्या पत्र्याच्या जाळीला नऊ फटी असतात. (अगदी सुरुवातीच्या विलीसला पत्र्याऐवजी लोखंडी पट्ट्या जोडलेल्या असत, ती गोष्ट वेगळी.) सात फटी म्हणजे १९४५ मध्ये आलेली नागरी सीजे-२ए, नाहीतर तिच्याही नंतरची. मग बाकीचंही दिसायला लागलं: हेडलाइट मोठे आणि पुढे आलेले, स्टेपनी मागे नसून बाजूला. हे सगळं पहिल्या दिवशीही फोटोत होतंच. मी शाई वाचली होती, गाडी पाहिली नव्हती.

तर कामाला लागू. मूळ प्रिंट असेल तर ती स्कॅनरवर १२०० डीपीआयला घ्या. मोबाइलने काढलेला फोटो नाइलाज असेल तरच. आणि फोटो 'साफ' करून देणारी अ‍ॅप्स या कामात अजिबात वापरू नका. ती धूसर जागी स्वतःच्या मनाचं भरतात. धुरकट डागाचा ठसठशीत आकडा झालेला मी पाहिलाय, आणि तो आकडा तिथे कधी नव्हताच.

मग फोटो उलटा तर छापलेला नाही ना, ते बघा. निगेटिव्ह पालथी पडली की डावं-उजवं बदलतं. अक्षरं दिसत असतील तर प्रश्न मिटला. नसतील तर पुरुषांच्या शर्टाची बटणं बघा, डावी बाजू उजवीवर आली पाहिजे. जीप असेल तर फावडं-कुऱ्हाड ड्रायव्हरच्या बाजूला, म्हणजे गाडीच्या डाव्या अंगाला बांधलेली असते आणि मागची स्टेपनी उजवीकडे. अमेरिकन गाडीचं स्टिअरिंग डावीकडे, ब्रिटिश गाडीचं उजवीकडे. हे आधी तपासलं नाही, तर पुढची सगळी मेहनत पाण्यात.

आता चाकं. रंग बदलतो, टप उडतो, मडगार्ड तुटतं, तोफसुद्धा बदलली जाते. चाकांची मांडणी सहसा बदलत नाही. ट्रक असेल तर एक्सल किती, मागे जोडचाकं आहेत का, एवढं आधी नोंदवा. तीन एक्सल, लांब नाक आणि गोलसर मडगार्ड दिसली तर अमेरिकन जीएमसी असण्याची शक्यता मोठी. तसाच ट्रक, पण मडगार्ड सपाट आणि कोनदार, तर स्टुडबेकर. हे स्टुडबेकर फार मोठ्या संख्येने सोव्हिएत सैन्याला दिले गेले, तेव्हा आजूबाजूचे गणवेशही त्याच नजरेने बघा.

रणगाड्याला तर चाकं मोजण्यावाचून गत्यंतर नाही. अमेरिकन शर्मनला एका बाजूला सहा चाकं, दोन-दोनच्या तीन जोड्यांत. हलक्या अमेरिकन स्टुअर्टला दोनच जोड्या, आणि मागचं मोठं चाक थेट जमिनीला टेकलेलं. सोव्हिएत टी-३४ ला पाच मोठी चाकं. तशीच पाच चाकं, पण पहिल्या आणि दुसऱ्या चाकात जास्त अंतर दिसलं तर तो टी-५४ किंवा टी-५५, म्हणजे युद्धानंतरचा. जर्मन पॅन्झर तीनला सहा लहान चाकं, पॅन्झर चारला आठ. चिखलामुळे खालची नीट मोजता येत नसतील, तर पट्टा वरून ज्या छोट्या रोलरवर धावतो ते मोजा: नेहमी दिसणाऱ्या पॅन्झर तीनला तीन, चारला चार. (शेवटच्या काळातल्या काही पॅन्झर चारना तीनच होते, म्हणून एकाच खुणेवर शिक्का मारू नका.) चाकं एकमेकांवर चढलेली दिसली तर पँथर किंवा टायगर हे जर्मन रणगाडे, नाहीतर जर्मन हाफ-ट्रॅक (पुढे चाकं, मागे पट्टे असलेली गाडी).

ली आणि ग्रँट या अमेरिकन रणगाड्यांची चाकं शर्मनसारखीच. तिथे नजर वर न्यायची. त्यांची मोठी तोफ वरच्या फिरत्या बुरुजात नसून धडात, उजव्या बाजूला बसवलेली असते. ती डावीकडे दिसली तर नवा रणगाडा सापडल्याचा आनंद करू नका, फोटो उलटा छापलाय.

चाकांनंतर तोंड. क्यूबेलवॅगन या हलक्या जर्मन लष्करी मोटारीला पुढे रेडिएटरची जाळीच नाही, कारण इंजिन मागे आणि हवेने थंड होणारं. नाकावर स्टेपनी आणि अंगाच्या पत्र्याला ठळक घड्या. कॅनडात बनलेल्या ट्रकांच्या नंतरच्या केबिनला पुढची काच उलटी कललेली असते, वरची कड पुढे, खालची आत. आभाळाचं प्रतिबिंब चमकून वरच्या विमानाला गाडी दिसू नये म्हणून ती युक्ती. इतकं बुटकं, दाबलेलं नाक दुसऱ्या कशाचं नाही, एकदा पाहिलं की विसरत नाही. विलीस की फोर्ड हा वाद असेल तर जाळीखालून दिसणारा चासीचा आडवा तुकडा बघा. गोल नळी असेल तर विलीस, उपड्या 'यू'सारखा असेल तर फोर्ड. अर्थात दुरुस्तीत सुटे भाग इकडचे तिकडे होतातच, हे माझ्यासारख्याने सांगायला नको.

रंगवलेल्या खुणा मी मुद्दाम मागे ठेवतो. गाडी कोणाच्या ताब्यात होती ते त्या सांगतात, कोणी बनवली ते नाही. पांढरा तारा दिसला की लोक 'अमेरिकन' म्हणतात, पण १९४४ मध्ये नॉर्मंडीत ब्रिटिश आणि कॅनेडियन गाड्यांवरही तोच तारा होता. जर्मनांनी पकडलेल्या टी-३४ वर आपला क्रॉस रंगवून ते वापरले. नंबर मात्र सोन्यासारखा. ब्रिटिश गाडीवर पहिलं अक्षर एल म्हणजे लॉरी, झेड म्हणजे हलका ट्रक, एम म्हणजे मोटार, टी म्हणजे रणगाडा. जर्मन पाटीवर डब्ल्यूएच म्हणजे भूदल, डब्ल्यूएल म्हणजे वायुदल. अमेरिकन जीपच्या बॉनेटवरचा नंबर २० ने सुरू होतो. सुरुवातीला तो निळसर रंगात लिहीत, त्यामुळे काळ्या-पांढऱ्या फोटोत जवळजवळ पुसला जातो. ब्रिटिश गाडीच्या पुढे गोल चकतीत एखादा आकडा दिसला तर तो तुकडीचा नव्हे, पुलावरून जाताना धरायचा वजनाचा वर्ग आहे.

फिल्मही फसवते. त्या काळच्या साध्या कॅमेऱ्यांतली बरीच फिल्म लाल रंगाला आंधळी होती, लाल काळा दिसायचा आणि निळा फिकट. पाचव्या भारतीय डिव्हिजनची खूण म्हणजे काळ्यावर लाल गोळा. अशा फिल्मवर उरतो नुसता काळा चौकोन, आणि आपण म्हणतो खूण खोडली असावी.

एवढं झालं की मग फोटो उलटा करा आणि मागचं वाचा. जुळलं तर उत्तम. नाही जुळलं तर त्यावर खाडाखोड करू नका. वेगळ्या कागदावर पेन्सिलीने काय दिसलं ते लिहा आणि कागद फोटोसोबत ठेवा. माझ्या त्या फोटोच्या पाकिटात आता एक चिठ्ठी आहे: 'फटी सात. स्टेपनी बाजूला. १९४५ च्या आधीची नाही. मागचं १९४३ कशाचं, तिघांपैकी कुणाच्या घरी कळलं तर विचारणे.'